फोटो: आमचे हे

काकूंनी कुणाला कधी कुठली गोष्ट नुसती दिली, असं झालंच नाही. वाटीभर साबुदाण्याची खिचडी द्यायची असली तरी आधी तिचं कुळगोत्र सांगायच्या. कृती बदनावरच्या जाऊबाईंची, बदल माझा, दाण्याचं कूट कमी घातलंय, पुढे कुणाला सांगायची तर खुशाल सांग पण जाऊबाईंचं नाव घेऊन सांग. एवढं सगळं ऐकून झालं की मग वाटी हातात. तोवर खिचडीचा गोळा झालेला असायचा.

मी धारला त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायची. माझं घर देवासचं. धारच्या एका खाजगी कॉलेजात नोकरी लागली आणि रोजची बस झेपेना, म्हणून ही खोली घेतली. आमच्या घरी मराठी बोलतात, पण माझी शाळा सगळी हिंदीतली, त्यामुळे मराठी वाचताना जोडाक्षर आलं की मी अजून थबकते. काकूंना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला नाही की काही नाही. त्या दिवसापासून मला ‘देवासवाली’ म्हणायला लागल्या. का, विचारलं, तर म्हणाल्या, तू कुठून आलीस ते आधी कळायला हवं ना.

त्या जन्मभर मुलींच्या शाळेत ग्रंथपाल होत्या. पुस्तकाचं नाव, लेखक, कुठून आलं, बाहेर द्यायचं की नाही, हे कार्डावर लिहिता लिहिता केस पांढरे झाले. निवृत्त झाल्या तेव्हा पुस्तकं शाळेत राहिली आणि सवय घरी आली. मग काय, सापडेल त्याला कार्ड. विनोद सांगितला की आम्ही हसायच्या आत ‘माझा नाही हं, नालछ्याच्या पोस्टमास्तरांचा’ हे जोडलेलं. चकली खुसखुशीत झालीये म्हटलं तर सोऱ्या कोणाचा, भाजणी कोणाची, हे आधी ऐकायचं. शेजारच्या बायका त्यांच्याकडे चहाला यायला कचरायच्या. चहा पिता पिता आपलंच एखादं बोलणं आपल्याच नावासकट परत ऐकावं लागायचं ना.

त्यांच्या तरुणपणचा एक किस्सा घराण्यात अजून सांगतात. कुठल्याशा लग्नात कुणी बाई त्यांच्या नथीकडे बघून म्हणाल्या, काय पाणी आहे हो मोत्याला. काकूंनी भर मांडवात सांगून टाकलं, माझी नव्हे, चुलतवहिनींची आहे, आजच्यापुरती आणलीय. वहिनींनी घरी सासूला सांगितलं होतं की नथ सराफाकडे दुरुस्तीला टाकलीय, आणि त्या सासूबाई होत्या मागच्याच रांगेत. वहिनी पुढे कितीतरी दिवस बोलत नव्हत्या म्हणे. काकूंना विचारलं तर त्या आजही म्हणतील, मग काय नथ माझी म्हणून मिरवायची?

त्यांचं ठरलेलं एक वाक्य होतं. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये. आपल्याकडे करतच नाहीत तसं, काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. काकूंचं म्हणणं एवढंच, की उसनी घेतलेली प्रत्येक वस्तू म्हणजे दुसऱ्याचा डबा, आणि त्याचं नाव सांगणं ही त्यातली साखर. हे त्यांचं स्वतःचं वाक्य होतं का, असं मी एकदा मुद्दाम विचारलं. नाही ग, डबा आईचा, साखर माझी, असं उत्तर आलं.

आता मी त्यांच्या तावडीत कशी सापडले ते सांगते. देवासला आमच्या गल्लीतच एक टॅक्सीवाले भिया आहेत, माळव्यात भैयाला भिया म्हणतात. पाच-सहा गाड्या, मांडूच्या ट्रिपा, लग्नाच्या वराती. त्यांनी वेबसाइट काढली आणि तिच्यावर दर महिन्याला काहीतरी लिहायचं काम माझ्याकडे दिलं. मांडूत काय पाहाल, थंडीत कुठे जाल, असं. लिहायचं मी, फोटोही मीच टाकायचे. फोटोबद्दल भियांची सूचना एका ओळीची होती, ‘नेट से उठा लो.’ मी उठवत होते. सगळी दुनिया उठवते.

एका रविवारी काकू जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे एरवी पायरीला पाय न लावणारी बाई, हातात फोन, नाकावर चष्मा. फोनवर माझाच लेख उघडलेला.

"हा फोटो कोणाचा?"

मी म्हटलं, नेटवरचा.

"नेट कुठले? मांडूला कधी आले होते?"

मला हसू आलं. त्यांना मुळीच आलं नाही. धाप लागली होती, पण त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि त्या दिवशी माझी शिकवणी सुरू झाली. नेट म्हणजे बाजार, असं त्यांनी सांगितलं. बाजारात वस्तू मांडलेली दिसली म्हणून उचलायची नसते, मांडणारा कोण आणि काय म्हणतो ते विचारायचं असतं. आणि फुकट देणारेही ढीगभर असतात, पण प्रत्येकाची अट वेगळी. फोटोंची मोफत भांडारं असतात तिथे प्रत्येक फोटोखाली ती अट लिहिलेली असते, बारीक अक्षरात. ती बारीक अक्षरं वाचायला दुनियेला वेळ नाही आणि काकूंना वेळच वेळ.

त्या इंग्रजी अटींना त्यांनी आपली घरगुती नावं ठेवली होती. ‘घ्या, नाव नको’ हा एक प्रकार, दानशूर लोकांचा. ‘घ्या, नाव द्या’ हा सगळ्यात चांगला. ‘घ्या, पण धंदा करू नका’ हा भियांच्या कामाचा नाही, कारण भिया गाड्या फिरवतात त्या पुण्य कमवायला नव्हे. ‘घ्या, पण हात लावू नका’ म्हणजे कापायचा नाही, रंग बदलायचा नाही. आणि एक होता ‘घ्या, बदला, पण बदललेलं तुम्हीही असंच वाटा’. तो त्यांना हळदीकुंकवाच्या वाणासारखा वाटायचा, मिळालं तसं पुढे देत जायचं. नाव द्यायचं म्हणजे नुसतं नाव नाही. फोटोला काय म्हटलंय, कोणी काढला, कुठे मिळाला, कोणत्या अटीवर घेतला, आणि आपण काही बदल केला असेल तर तोही. खिचडीसारखंच सगळं. मला त्या दिवशी कळलं की खिचडीवर हे संस्कार कुठून आले.

शिवाय त्या फसायच्या नाहीत. भांडारात कुणी दुसऱ्याचे फोटो आपले म्हणून टाकून ठेवतात. काकू त्या माणसाचे बाकीचे फोटोही बघायच्या. आज मांडू, उद्या बर्फाचा डोंगर, परवा कुणाच्या तरी बाळाचं बारसं, आणि प्रत्येक फोटो वेगळ्याच हाताचा, की त्यांच्या कपाळावर आठी. हा उचल्या आहे, नको घेऊ. एकदा मात्र त्यांनी एका बिचाऱ्या साध्या माणसाला उचल्या ठरवलं. तो खरोखरच बर्फाच्या देशातून येऊन मांडू बघून गेला होता आणि बाळ त्याच्या बहिणीचं होतं. त्यांनी त्याला इंग्रजीत माफीचं पत्र धाडलं, सोबत मांडूच्या चिंचेची सगळी माहिती. ते झाड म्हणजे गोरखचिंच, चिंच नव्हे, तुम्ही फोटोखाली लिहिलंय ते चूक आहे, असंही जाता जाता सांगितलं. त्यानं दुरुस्ती केली आणि खाली आभार म्हणून काकूंचं नाव घातलं. ते पाहून त्या इतक्या लाजल्या की दिवसभर मला तोंड दाखवलं नाही.

भिया एकदा कामानं धारला आले तेव्हा मी त्यांची आणि काकूंची गाठ घालून दिली. चूकच झाली म्हणा. भियांचं म्हणणं होतं की फोटोखालच्या त्या लांबलचक ओळीनं पानाचा शो जातो. ती काढून टाकावी, हवं तर कोपऱ्यात कुठेतरी मुंगीएवढी टाकावी. काकूंनी पोहे दिले, वर जिरावणाचा मसाला भुरभुरला, जिरावण कोणाच्या हातचं ते सांगितलं, आणि ओळ काढायची नाही म्हणाल्या. भिया माणूस चांगला, पण धंदेवाला. हसत म्हणाले, "काकी, नाम पढ़ता कौन है?"

"ज्याचं असतं तो वाचतो," काकू म्हणाल्या.

भिया पोहे खात राहिले. ओळ राहिली.

तर अशा या काकू. दुनियेत कुणाचं नाव राहून जाऊ नये म्हणून धडपडणाऱ्या. आणि त्यांच्या स्वतःच्या घरात एक नाव होतं जे मी कधी ऐकलंच नव्हतं. त्यांच्या यजमानांचं. ते मी यायच्या आधीच गेले होते. दाराच्या पाटीवर फक्त आडनाव. गल्लीत सगळे त्यांना ओव्हरसियर साहेब म्हणत, कारण ते सिंचाईच्या खात्यात होते. काकू म्हणायच्या ‘आमचे हे’, नाहीतर ‘घरात’, म्हणजे घरात असं आवडायचं, घरात तसं चालायचं नाही. मला यात काही खटकलं नव्हतं. आमच्या आजीच्या पिढीत सगळ्याच असं बोलायच्या, आणि संस्थानच्या वेळच्या या जुन्या घरांत ते अजून चालतं.

एका थंडीत मी मांडूवर लिहीत होते आणि भांडारात मला एक फोटो मिळाला. सकाळचं तळं, पाण्यावर धुकं, आणि पाखरांचा अख्खा थवा नुकता टेकतोय, काहींचे पाय पाण्याला लागलेत, काहींचे नाहीत. खाली डाव्या कोपऱ्यात एक लाल ठिपका होता, काय ते कळत नव्हतं. मी इतके मांडूचे फोटो चाळले होते, पण असा एकही नाही. अट, ‘घ्या, नाव द्या’. नावाच्या जागी मराठीत लिहिलं होतं, ‘आमचे हे’.

मला वाटलं कुणी गमतीनं घेतलेलं नाव असेल. लोक काय वाट्टेल ती नावं घेतात. मी इमानदारीत ओळ लिहिली, फोटो: आमचे हे, पुढे भांडार, पुढे अट, बदल काही नाही. आणि शाबासकी मिळेल म्हणून उड्या मारत खाली गेले.

काकूंनी फोन हातात घेतला. ओळ वाचली, मग फोटो पाहिला, मग परत ओळ. शाबासकी दिली नाही. उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ आल्याच नाहीत. मी आत गेले तर ओट्याला टेकून उभ्या होत्या.

मग हळूहळू सगळं कळलं. साहेबांना फोटोंचं वेड होतं. कामावर कालवे-तळी बघायला हिंडायचे, स्कूटरवर, गळ्यात कॅमेरा. सुट्टीच्या दिवशी काकूही मागे बसून जायच्या. त्या तळ्यावरच्या सकाळी ते काठावर पालथे पडून राहिले होते आणि काकू स्कूटरशी चहाचा थर्मास घेऊन कुडकुडत बसल्या होत्या. पाखरं उतरली तेव्हा थर्मास गवतात ठेवून त्या उठल्या. तो लाल ठिपका म्हणजे त्या थर्मासचं झाकण. साहेबांचे फोटो लोक वापरायचे, मिठाईच्या डब्यावर, लॉजच्या फलकावर, लग्नपत्रिकेवर. नाव कुणी दिलं नाही. साहेब म्हणायचे, चालायचंच. काकूंना ते चालायचं नाही, पण ते असेपर्यंत त्या गप्प राहिल्या. ते गेल्यावर त्यांनी संगणक शिकून घेतला, भांडारांच्या अटी वाचल्या, आणि एकेक फोटो भांडारात ठेवला. वारस म्हणून हक्क त्यांचाच होता. फोटो कुणीही घ्यावेत, पण नाव द्यावं, एवढी एकच अट. सगळा खटाटोप त्या एका अटीसाठी.

आणि मग पडद्यावर चौकोन आला, फोटो काढणाऱ्याचं नाव लिहा.

काकूंनी ते नाव जन्मात कधी कागदावर लिहिलं नव्हतं. तोंडानं घेतलं ते फक्त उखाण्यात. बँकेचे, पेन्शनीचे कागद आधी ते स्वतः भरायचे, नंतर पुतण्यानं भरले, काकूंनी खाली सही केली. सासूबाईंनी लग्नात सांगितलं होतं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. शाळेची पुस्तकं सांभाळणाऱ्या, इंग्रजीत पत्रं लिहिणाऱ्या काकूंनी ते पाळलं. तो रिकामा चौकोन पुढे जाऊ देईना, तेव्हा त्यांनी लिहिलं, आमचे हे. आणि जगानं अट पाळली. परदेशातल्या पाखरांच्या एका साइटवर ते ‘श्री. हे’ झाले होते.

माझ्या तोंडून निघून गेलं, की काकू, आता त्यांचं आयुष्य कमी व्हायचं राहिलंय कुठे. बोलले आणि जीभ चावली.

त्या रागावल्या नाहीत. पातेल्यातलं दूध ढवळत म्हणाल्या, "तेच ना. आता बिनधास्त घेतलं, तर ते नाहीत हे मीच म्हटल्यासारखं होईल."

मला रडू आलं. मी वर निघून गेले.

हे इथेच राहिलं असतं. पण आमच्या देवासच्या मराठी मंडळाची भिंतीवरची दिनदर्शिका निघते. देवासमध्ये असं मराठी घर नाही जिथे ती टांगलेली नसते, आणि साहेबांचं मूळ घर देवासचंच. मंडळाच्या चिटणीसांनी भियांच्या साइटवर तो तळ्याचा फोटो पाहिला आणि मुखपृष्ठावर घ्यायचा ठरवला. मला फोन आला, की फोटो फर्स्टक्लास आहे पण हे ‘आमचे हे’ काय प्रकरण आहे, कुणाचे हे? असं छापलं तर लोक हसतील. नाव कळवा, नाहीतर आम्ही खाली ‘मंडळाच्या संग्रहातून’ टाकतो. गुरुवारी छपाईला जातंय.

मी काकूंना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. ‘संग्रहातून’ हा शब्द त्यांना शिवीसारखा लागला. वर्षभर प्रत्येक घरात, साहेबांच्याच गावात, त्यांच्याच भाऊबंदांच्या भिंतीवर तो फोटो टांगलेला असणार आणि काढणारा कोणी नाही. मी म्हटलं, मी सांगते चिटणीसांना, पुतण्याला विचारून घेते नाव. तर नाही म्हणाल्या. फोटो मी ठेवलाय, अट मी घातलीय, नाव मीच द्यायचं. तू दिलेलं ऐकीव होईल. आपल्याच नियमात त्या पुरत्या अडकल्या होत्या, आणि तो मोडणाऱ्यातल्या त्या नव्हेत.

सोमवार गेला, मंगळवार गेला. काकू संगणक उघडायच्या, त्या चौकोनापाशी जायच्या आणि बंद करायच्या. जेवण सुटलं. खिचडी आली तीही बिननावाची आली, जाऊबाईंचा उल्लेख नाही, बदल नाही. तेव्हा मी खरी घाबरले.

बुधवारी कॉलेजातून आले तर त्या संगणकासमोरच बसलेल्या. मी पाणी प्यायले, शेजारी बसले. म्हटलं, तुम्ही म्हणालात ना की उखाण्यात घेतलं होतं. मग उखाण्यातच घ्या. काकू म्हणाल्या, उखाणा असा आपणहून घेतात का ग? कुणीतरी म्हणावं लागतं नाव घे म्हणून. लग्नात नणंदा म्हणतात, हळदीकुंकवाला बायका म्हणतात. हे गेल्यापासून हळदीकुंकवालाही कुणी बोलावत नाही. मला आता कोण विचारतं.

हे सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता. मला मात्र संताप आला, कुणावर ते आजही सांगता येणार नाही. पंधरा घरांच्या लग्नांत हौसेनं नाव घेणारी, दुसऱ्यांची नावं तोंडपाठ असलेली बाई, आणि तिला आपल्या माणसाचं नाव घ्यायचा एकच दरवाजा होता तोही लोकांनी लावून घेतला. त्या चहा टाकायला म्हणून उठल्या. मी त्यांच्या आधी जाऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिले. दोन्ही हात चौकटीला लावले, नव्या सुनेला अडवतात तशी.

"काकू, नाव घ्या. घेतल्याशिवाय आत सोडायची नाही."

 सर ग, काय पोरखेळ लावलाय, म्हणाल्या. मी हलले नाही. मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, हसता हसता डोळे भरले, गाल पुसले, आणि खरंच सांगते, त्यांनी डोक्यावरून पदर घेतला. मला वाटलं आता म्हणतील. पण त्या मागे वळल्या, खुर्चीवर बसल्या, आणि त्या चौकोनात टाइप करायला लागल्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी डोकावले तर हातानं पडदा झाकला. छापून आल्यावर वाच, म्हणाल्या. मग उठून चहा टाकला, आणि आलं शेजारच्या वाड्यातलं आहे हे सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला.

चिटणीसांचा फोन मलाच आला. म्हणाले, अहो हे काय, एका ओळीत नाव द्या म्हटलं तर ही तर कविता आहे. मी म्हटलं, साहेब, भांडाराचा नियम आहे, फोटो देणाऱ्यानं नाव जसं लिहिलं असेल तसंच छापायचं. अट पटत नसेल तर दुसरा फोटो घ्या. हे मी इतक्या जोरात म्हटलं की मला माझाच अभिमान वाटला. फोटो तर त्यांना तोच हवा होता.

दिनदर्शिका आली तेव्हा मी देवासला घरीच होते. आईनं गुंडाळी उलगडली, फोटो पाहिला, वा म्हणाली, आणि खालची ओळ मोठ्यानं वाचायला लागली. वाचता वाचता थांबली, परत पहिल्यापासून वाचली.

मांडूच्या तळ्यावर उतरला पाखरांचा थवा,
मधुकररावांचा फोटो हा, नाव लावून न्यावा.

आईनं विचारलं, कोण ग ही? मी सांगितलं. संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीतल्या चार बायकांना ते पाठ झालं होतं. त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंना देवासहून दोन बोलावणी गेली. एकीला त्या गेल्या. वाण घेतलं, आणि तिळाच्या वड्या कोणाच्या कृतीच्या आहेत ते यजमानीणबाईंना विचारून घेतलं.

मी आता देवासलाच असते, धारची नोकरी सुटली. मागच्या थंडीत काकू कुणाच्या तरी लग्नाला इकडे आल्या तेव्हा मी त्यांना आणायला बसस्टँडवर गेले, भियांची गाडी घेऊन. भियांनी सगळ्या गाड्यांच्या मागच्या काचेवर तो तळ्याचा फोटो लावलाय, काठोकाठ, कुठे कापलेला नाही. डाव्या कोपऱ्यात थर्मासचं लाल झाकण, आणि खाली तो उखाणा, मुंगीएवढा नाही, चांगल्या ढोबळ अक्षरांत. धार-देवास रस्त्यावर मागून येणारे ट्रकवाले तो वाचतात म्हणे, आणि मधुकरराव कौन है, असं ढाब्यावर भियांना विचारतात.

काकू गाडीच्या मागे उभ्या राहून ते सगळं नीट तपासत होत्या, नाव, भांडार, अट. चूक काही सापडली नाही. भिया त्यांची पिशवी उचलत म्हणाले, "काकी, ये लाइन तो आपकी लिखी है ना? नीचे आपका भी नाम डलवा दूँ?"

मला वाटलं, आता ह्यांचाच नियम ह्यांच्यावर आला. काकूंनी काचेवरची धूळ बोटानं पुसली. मग गाडीत बसल्या, पदर सावरला.

"नको. उखाण्यात घेणारीचं नाव येत नसतं," त्या म्हणाल्या.

म्हणून मीही इथे ते लिहिलेलं नाही.